ऑर्केस्ट्रा फक्त बड्या लोकांचा होता हे काही पटलं नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला वेस्टर्न ऑर्केस्ट्रावरचा लेख मस्त होता, पण एकोणिसाव्या शतकात हे संगीत राजवाड्यातल्या आणि बंद हॉलमधल्या श्रीमंतांपुरतंच होतं असं जे ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. अहो, उन्हाळा आला की तेव्हा ऑर्केस्ट्रा सरळ बागेत यायचा, आणि गर्दी कोणाची, तर साध्यासुध्या पब्लिकची.

लंडनला सरे गार्डन्स म्हणून बाग होती, मुळातलं प्राणिसंग्रहालय, आत तळं, रात्री आतषबाजी वगैरे. तिथे १८४५ ला लुई जुलियाँ नावाच्या फ्रेंच कंडक्टरने (म्हणजे समोर उभं राहून छडीच्या इशाऱ्यावर ऑर्केस्ट्रा वाजवून घेणारा) उघड्यावर कॉन्सर्ट चालू केल्या, वादक तब्बल तीनशे! माणूस एक नंबरचा नाटकी. बेथोवनसारख्या थोर संगीतकाराचं काही वाजवायचं असलं की चांदीच्या तबकातून पांढरे हातमोजे आणि रत्नं जडवलेली छडी यायची, सगळ्यांच्या देखत साहेब हातमोजे चढवणार मग छडी उचलणार, आणि वाजवून झालं की मखमली खुर्चीत धपकन बसणार, आता उठतोय की नाही असं वाटावं. टीकाकार नाकं मुरडायचे, पोल्का आणि क्वाड्रिल असली नाचाची हलकीफुलकी गाणी तो ढीगभर वाजवायचा हेही खरंच, पण त्याच गर्दीला मधेच सिम्फनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या गंभीर रचनेचा, तुकडा ऐकवायचा आणि लोक ऐकायचे ना! हिवाळ्यात थिएटरात तेच, तिकीट एक शिलिंग. पैशाचं गणित मात्र जमलं नाही बिचाऱ्याला, कर्जापायी १८५९ ला पॅरिसमध्ये तुरुंगात गेला आणि पुढच्याच वर्षी वारला.

पैशाचं गणित जमवलं ते रशियातल्या रेल्वेने. तिथली पहिली रेल्वे १८३७ ला सेंट पीटर्सबर्गहून सुरू झाली आणि लगेच पाव्लोव्स्क या गावापर्यंत नेली, पण त्या शेवटच्या स्टेशनला लोकांनी जायचं कशाला? मग कंपनीने स्टेशनलाच लागून हॉटेल आणि कॉन्सर्टची सोय केली, ऑर्केस्ट्राचा खर्च कंपनीचा, पब्लिकने फक्त गाडीचं तिकीट काढून यायचं, ऐकत बागेत हिंडायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. १८५६ पासून तर व्हिएन्नाहून वॉल्ट्झ नावाच्या नाचाच्या संगीतासाठी गाजलेल्या खुद्द योहान स्ट्राउसला आणलं, तो वर्षानुवर्षं उन्हाळ्यात येत राहिला. वॉल्ट्झ तर असायचेच पण ग्लिंका, वॅग्नर अशा गंभीर संगीतकारांचंही वाजवायचा. १८६५ ला स्ट्राउसने तिथे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या नृत्यरचना वाजवल्या, तेव्हा चायकोव्हस्की अजून कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, शिकत होता आणि त्याचं संगीत जाहीर कार्यक्रमात वाजायची ती पहिलीच वेळ. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला पहिला चान्स कुठल्या दरबारात नाही, रेल्वे स्टेशनवर मिळाला!

न्यूयॉर्कला थिओडोर थॉमस या कंडक्टरचंही तेच, सेंट्रल पार्क गार्डनमध्ये १८६८ पासून उन्हाळाभर कॉन्सर्ट, लोक बिअर पीत बसलेले आणि वॉल्ट्झच्या जोडीला वॅग्नर. शुद्धतावाल्यांना हे खपत नाही, आपल्याकडेही मैफलीत कोणी चहा प्यायला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, पण नवा श्रोता असाच येतो असं माझं तरी मत आहे.

जमलं तर पुढच्या पुरवणीत यावर पण लिहा, आणि मुंबईतला कूपरेजचा बँडस्टँड (बँड वाजवायचा मंडप) त्याच काळातला आहे, १८६७ चा, तर तिथे तेव्हा काय वाजायचं आणि ऐकायला कोण यायचं हेही कोणीतरी शोधून छापा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे