सूचना : मुलांमधील दमदाटीबाबत पालक-शिक्षक संघाची सभा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आठवी ते दहावीच्या मुलांमधील दमदाटी आणि व्हॉट्सॲपवरून होणारी टिंगल रोखण्याचे उपाय ठरविण्यासाठी येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता शाळेच्या सभागृहात सभा होईल. वर्गशिक्षकांनीही उपस्थित राहावे.

असा त्रास बहुधा बालरथाच्या (शाळेच्या बसच्या) मागच्या बाकावर किंवा मधल्या सुट्टीत नळाजवळ, म्हणजे मोठ्यांची नजर पोचत नाही तिथेच होतो. त्यामुळे मूल भरलेला डबा तसाच परत आणू लागले किंवा रोज सकाळी पोटदुखीची तक्रार करू लागले, तर रागावण्याआधी त्याची शांतपणे विचारपूस करावी.

- आक्षेपार्ह संदेश पुसू नयेत. ते वर्गशिक्षकांना दाखवावेत.
- दुसऱ्या मुलाच्या घरी परस्पर जाब विचारायला जाऊ नये. (त्याचा त्रास शेवटी आपल्याच मुलाला होतो.)
- तातडीच्या मदतीसाठी 1098 ही मोफत बालमदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते.

सचिव