सव्वासहाची गाडी

पुणे, 3 ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पहिल्यांदा आई लग्नातल्या जेवणाचं सांगत बसली, दुसऱ्यांदा बाबांनी "शुगर एकदम नॉर्मल" असं इतक्या घाईनं सांगितलं की सगळा फोन रिपोर्टवरच गेला. म्हणून पत्र.

कॉलेजातल्या नोकरीचा मी राजीनामा दिलाय. 12 सप्टेंबरला इंग्लंडला जातेय, लीड्सला, तीन वर्षं, पीएचडीसाठी. तिथं विद्यापीठात वाहतुकीच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्थाच आहे. स्कॉलरशिप मिळालीय, तेव्हा फाट्याजवळचा प्लॉट विकायचं मनातही आणू नका. बाबा "पर्मनंट नोकरी कोण सोडतं?" म्हणणार, माहितेय. आई काहीच म्हणणार नाही, फक्त चहात साखर घालायची विसरेल.

विषय आहे खेळ आणि गावची गाडी. हसू नका. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी 1935 सालीच सहा जिल्ह्यांतल्या मोटारबसची पाहणी छापली होती, म्हणजे हे काही माझंच खूळ नाही. अमेरिकेत तर स्टेडियमवर ओतलेला सरकारी पैसा गावाला परत मिळतो का, याचे हिशेब कित्येक वर्षं चाललेत आणि उत्तर बहुतेकदा 'नाही' असंच आलंय. माझा प्रश्न त्याहून लहान. मैदान तालुक्याला, पोरं वाड्यावस्त्यांवर. मधल्या बारा किलोमीटरपायी किती जणांचा खेळ सुटतो?

हा प्रश्न कुठून आला ते तुम्हाला कळलंच असेल. बाबा, इथं पत्र घडी करून ठेवायचं नाही, पुढं वाचायचं. नववीत तुम्ही "खो-खो आता बास" म्हणालात आणि मी पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला वाटायचं, तुम्हाला माझं खेळणंच नको होतं. पण सराव संपायचा साडेसहाला आणि शेवटची गाडी सव्वासहाला. तुम्ही मुक्कामी गाडीवर कंडक्टर, रात्री कुठल्या तरी देवळात पथारी टाकलेली. संजू पाचवीत. मला आणायला येणार कोण? अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट होता, पण नुसत्या पासावर बसून घरी येता येत नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. हे मी आधीच बोलायला हवं होतं.

आणि एक गंमत. 1972 साली हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं गणितानं मांडलं, की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की आधीपासूनच्या प्रवाशांचंही ताटकळणं कमी होतं, म्हणून बसला अनुदान देणं शहाणपणाचं ठरतं. वाचताना तुमचाच आवाज कानात. "भारमान नाही म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून भारमान नाही." हे तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणायचात, फक्त छापलं नाहीत.

ऑलिम्पिकचं पदक आणणाऱ्या पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्ही नेहमी कऱ्हाडच्या स्टेशनापासून सुरू करायचात. बैलगाड्या, गोळेश्वरपर्यंतची मिरवणूक, आणि आम्ही दोघं तोंड उघडं टाकून ऐकायचो. आता मला त्याच्या आधीचं दिसतं, 1952 साली हेलसिंकीला जायच्या खर्चासाठी गोळा केलेली वर्गणी. बैलगाड्या नंतर आल्या.

फडताळातल्या डब्यात तुमचा जुना तिकिटाचा पंच आहे ना? तो मी नेऊ का? त्यानं पिंपळाच्या पानांना भोकं पाडून मी घरभर तिकिटं वाटायचे. आई, कणकेच्या हातानं तू म्हणायचीस, "एक फुल, एक हाफ." हाफ म्हणजे संजू, अजून चिडतो.

माझी काळजी नको. खोली मिळालीय, शेगडी आहे, छोटा कुकर नेतेय. मावशीनं विणलेला स्वेटर तिथल्या थंडीला पुरायचा नाही, तरी नेणार. चटणी एकच किलो दे, विमानात वजन मोजतात.

आता ऐका. बाबांनी जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घ्यायची, "विसरलो" चालणार नाही. सांगलीला डॉक्टरकडे संजू नेईल, त्याच्याशी बोललेय. तुम्ही मोटरसायकल काढायची नाही. आई, मार्च 2023 पासून अर्धं तिकीट झालं म्हणून दर गुरुवारी औदुंबरला उभ्यानं जायची गरज नाही. बसायला जागा असेल तरच चढ, नाहीतर गुडघे धरून महाराजांनाच गाऱ्हाणं सांगत बसशील. रागावू नकोस. रागावलीस तरी तसं फोनवर सांग, गप्प बसू नकोस.

15 ऑगस्टला जोडून सुट्टी काढलीय. आपली सव्वासहाची आता साडेसातला सुटते म्हणे, तिनंच येईन. बाबा, फाट्यावर येऊन थांबू नका, पाऊस आहे. थांबणारच असाल तर छत्री घ्या, आणि बॅटरीसुद्धा.

तुमची,
चिमी