गव्हाला पाणी दिवसाच भरा

कोपरखैरणे, नवी मुंबई
२ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "वाफसा आला की दोन्ही तुकड्यांत गहू करून टाकतो," आणि मी काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात दिलात. फोनवर तुमच्याशी हे बोलणं पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले. शेतीतलं मी तुम्हाला काय सांगणार? पण यंदा माझं एवढं ऐका. गहू विहिरीखालच्या एकरातच करा आणि ओढ्याकाठी हरभरा पेरा. का म्हणते ते पुरतं वाचा, मग ठरवा.

विहिरीखालची जमीन भारी. तिला एकदा पोटभर पाणी पाजलं की अठरा-वीस दिवस बघावं लागत नाही. ओढ्याकाठची मुरमाड, तिथं दहा-बारा दिवसांत गहू माना टाकतो. म्हणजे विहिरीखाली पाच पाण्यांत गहू निघतो आणि ओढ्याकाठी आठ-नऊ द्यावी लागतात. आपल्या फीडरला, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीला, एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. त्यामुळे त्या आठ-नऊ पाण्यांतली निम्मी रात्रीच येणार. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, असं तुम्ही गव्हाचे वाफे भरत फिरणार आणि आई चहाची किटली घेऊन बांधावर बसणार. बांधाला लागून उसाचं रान. त्या उसातून बिबट्या निघाल्याचं आईनंच मला दिवाळीत सांगितलं, आणि वर "तो काय रोज येतो का" असंही म्हणाली. आई, तो एकदाच यायला पुरे गं.

दर थंडीत इथल्या पेपरात बातमी असते, निफाडचा पारा घसरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंद. ठाण्याच्या लोकलमध्ये शेजारची बाई ती वाचून सांगते आणि मला चिखलात रुतलेले तुमचे पाय दिसतात. ती थंडी गव्हाला हवीच असते, हे मला कळतं. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून जागतात तेव्हा आपला गहू फुटवे धरत असतो. पण गव्हाला मानवते ती थंडी तुमच्या छातीला मानवत नाही. मागच्या जानेवारीतला खोकला मार्चपर्यंत गेला नव्हता. आता वय एकाहत्तर, डोळ्याचं ऑपरेशनही झालंय.

सौर पंपाचं मी इथं चौकशी करून बघितलं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपण दहा टक्के भरायचे असतात, पण ती विजेचं कनेक्शन नसलेल्यांसाठी आहे. आपलं कनेक्शन आहे, म्हणजे ती आपल्याला लागू नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आपला फीडर सौरवर गेला तर दिवसा लाईट मिळेल. तोवर कामाची आखणीच अशी करायची की रात्री रानात जायची वेळ येऊ नये.

हरभऱ्याला ओढ्याकाठी दोन पाणी पुरतील. एक फुलं लागायच्या आधी, एक घाटे भरताना. लाईटचा दिवसाचा आठवडा बघून ती बसवता येतात. दोन-चार दिवस इकडंतिकडं झालं तरी हरभऱ्याचं बिघडत नाही, उलट पाणी जास्त झालं तर तो उभळतो, उभा वाळतो. त्याच्या मुळांच्या गाठी जमिनीत नत्र ठेवून जातात, ते पुढच्या मक्याला मिळेल. तिथला मका निघालाच आहे, एक कुळवाची पाळी घातली की पाभर धरून पेरता येईल. गव्हासाठी तिथं वाफे पाडायचे, पाट काढायचे, त्यात पंधरा दिवस जातात. मागच्या वर्षी त्यातच डिसेंबर उजाडला होता.

आणि डिसेंबरच्या गव्हाचं काय होतं ते तुमच्याकडूनच शिकलेय. १५ नोव्हेंबरच्या पुढं पेरणी गेली की दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकराला एक क्विंटल उतारा कमी होतो. दाणा भरायच्या वेळेला ऊन गाठतं. २०२२ चा मार्च आठवतोय ना? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात तापलेला मार्च होता तो. उत्तरेत उभा गहू वाळला आणि १३ मे ला सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. त्या वर्षीच्या आपल्या उशिराच्या गव्हाचे दाणे चिमून जिऱ्यासारखे झाले होते. आई, तू ते पाखडून पाखडून आम्हाला चांगले काढून दिलेस आणि बारीक घरी ठेवलेस, ते मला नंतर धाकट्यानं सांगितलं.

आता हिशेब. वेळेवर पेरलेला त्र्यंबक वाणाचा गहू भारी जमिनीत साधला की एकरी पंधरा-सोळा क्विंटल देतो. आम्हाला चौघांना वर्षाला तीन क्विंटल लागतो, धाकट्याला अडीच, आत्याचं एक पोतं, तुमचा दोघांचा दीड. तरी सात-आठ क्विंटल विकायला उरतोच. आणि पैशाचं म्हणाल तर येत्या (२०२६-२७) हंगामाचा गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,५८५ रुपये आहे आणि हरभऱ्याचा ५,८७५. बाजारात हमीभाव मिळेलच असं नाही, ते तुम्ही मला सांगालच. पण मुरमाड रानात गहू दहा क्विंटलच्या वर जात नाही, हरभरा पाच क्विंटल आला तरी बरोबरी होते, आणि डिझेल, युरिया, मजुरी वाचते ती वेगळी.

बाबा, तुम्ही इतका गहू का करता ते मला कळतं. पोरांच्या घरी विकतचं पीठ जाऊ नये म्हणून. एप्रिल-मे मध्ये आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक वाशीच्या दाणाबाजारातून वर्षाचा गहू भरतात, सिहोरी, लोकवन, ज्याला जो परवडेल तो. आमच्या दारात मात्र निफाडची पोती येतात आणि शेजारच्या काकू हमखास विचारतात, "आला का माहेरचा?" गिरणीवाले दादा डबा उघडला की मूठभर दाणे तळहातावर घेतात, एक दाताखाली धरतात. कट्‌कन आवाज आला की म्हणतात, चांगला वाळवलेला आहे. त्या पिठाची कणीक मी भिजवते तेव्हा तिला पाणी जास्त लागतं, पोळी दुपारी डब्यात उघडली तरी मऊ असते. मुलं सुट्टीत हॉटेलातली रोटी खाऊन आली की घरची पोळी मागतात. हे सगळं मला प्रिय आहे आणि ते बंद व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण रात्री बाराला तुम्ही ओढ्याकाठी उभे आहात हे माहीत असताना तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही. एका एकरातला गहू आम्हाला भरपूर आहे.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी. एक, यंदा सगळी पोती एकदम पाठवू नकोस. इथं खाडीची हवा, जुलैत भिंतींना ओल येते. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्यांच्या अख्ख्या पोत्यात सोंडे झाले. आमचा वाचला, कारण तू मेमधल्या कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून दिला होतास. दाण्यात बारा टक्क्यांच्या वर ओल राहिली की कीड लागायला वेळ लागत नाही. तेव्हा मे मध्ये दोन पोती आणि दिवाळीला एक, असं कर. एरंडेल चोळायला मी येईन, तू एकटीनं वाकून करू नकोस.

दुसरी गोष्ट काढणीची. तुला गाईसाठी भुसा हवा म्हणून बाबा विळ्यानं कापायला मजूर बघतात, मजूर मिळत नाहीत, आणि मग तुम्ही दोघंच सऱ्या धरता. यंदा पिकल्या पिकल्या हार्वेस्टर बोलवा. भुशाचं काय करायचं ते आपण बघू, शेजारी थ्रेशरवर काढतात त्यांच्याकडून एक ट्रॉली घेता येईल, पैसे मी देते. पिकलेला गहू आठ दिवस रानात उभा ठेवायचे दिवस राहिले नाहीत. २०१४ ची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण बघितली आहे. ओंब्या झडून सऱ्यांत पडल्या होत्या आणि बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

वाणाचं तुमचं तुम्ही ठरवा. आईला लोकवनच्या पोळ्या आवडतात, पण तो तांबेरा रोगाला लवकर बळी पडतो, म्हणून मी त्र्यंबकच म्हणेन. बियाणं कुंदेवाडीहून मिळालं तर बघा. एकराला चाळीस किलो पुरतं. तेवढंच आणा, जास्त आणलं की तुम्ही ओढ्याकाठी टाकणार.

आमचं यायचं ठरलं आहे. १० तारखेला पेरणी झाली तर पहिलं पाणी, मुकुटमुळं फुटायच्या वेळचं, २९-३० नोव्हेंबरला येतं. शनिवार-रविवार आहे. आम्ही दोघं शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून गाडी धरतो, यांना पाण्याची दारं धरायची हौस आहे, तुम्ही बांधावर बसून सांगायचं. त्या आठवड्यात लाईट रात्रीची असली तर थांबा. भारी जमीन आहे, दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही, मी सोमवारची रजा काढेन. दुसरं पाणी कांडी धरताना, २०-२१ डिसेंबर, तेव्हा मुलांनाही आणते. संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी फुलोऱ्याचं, त्याला धाकटा येणार आहे, त्याच्याशी बोलले. दाणे भरतानाचं राहिलं, ते जानेवारीच्या शेवटी, तेव्हा पुन्हा आम्ही. मधलं एखादं लागलंच तर गड्याला सांगा, दिवसाच्या लाईटीत, आणि त्याची मजुरी माझ्याकडून घ्या. नाही म्हणू नका.

ही चिठ्ठी धाकट्याच्या हाती पाठवतेय, तो मंगळवारी गावी येतोय. वाचून झाली की आईकडून फोन करवू नका, बाबा, तुम्ही स्वतः करा. आणि ओढ्याकाठच्या हरभऱ्याला विजय वाण आणायचा की दिग्विजय, तेवढं विचारून ठेवा, बियाण्याचे पैसे मी त्याच दिवशी पाठवते.

तुमची,
ताई