अफगाण शांततेच्या टेबलावर नागरिक कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काबूलमधील भारताच्या तांत्रिक कार्यालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत अफगाणिस्तानवर बरेच छापून येते. त्यात इराणमधले चाबहार बंदर असते, चीनला खुणावणाऱ्या खाणी असतात, पाकिस्तानची कशी जिरली याचे चवीने केलेले वर्णन असते. त्या देशात चार कोटींच्या आसपास माणसे राहतात आणि शांतता कशी हवी याबद्दल त्यांनाही काही म्हणायचे आहे, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. पत्र थोडे लांबले आहे, तरी छापावे ही विनंती.

‘त्या लोकांना लढायचीच सवय,’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. असे म्हणणाऱ्यांनी २०१८ साली दक्षिण अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात काय झाले ते आठवावे. मार्च महिन्यात लष्करगाह शहरात कुस्त्या सुरू असताना क्रीडांगणाबाहेर मोटारबॉम्ब फुटला. त्यानंतर तिथल्या तरुणांनी जवळच तंबू ठोकले आणि उपोषणाला बसले. बायकांनीही आपला वेगळा तंबू टाकला. हेलमंडसारख्या प्रांतात हे किती धाडसाचे, हे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात, रमजानच्या तोंडावर, त्यातले मूठभर लोक काबूलकडे चालत निघाले. कंदाहार, झाबुल, गझनी, वर्दक असा सुमारे सातशे किलोमीटरचा रस्ता. दिवसा रोजा, पायाला फोड, मुक्काम वाटेतल्या मशिदींत. गावोगावी माणसे जोडली गेली. मागण्या साध्या होत्या : सरकार आणि तालिबान दोघांनी बंदुका खाली ठेवाव्यात, बोलणी सुरू करावीत, परदेशी फौजांनी कधी जाणार ते सांगावे.

ते वाटेत असतानाच ईदची तीन दिवसांची शस्त्रसंधी झाली. तालिबानचे लढवय्ये शहरांत आले, सरकारी सैनिकांबरोबर सेल्फी काढले, आइस्क्रीम खाल्ले. मुदत संपताच तालिबानने ती वाढवायला नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, पदयात्रा काबूलमध्ये पोहोचली. मग ही मंडळी अमेरिका, रशिया, पाकिस्तान, इराण यांच्या वकिलातींसमोर आणि संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोर आळीपाळीने बसली. कुणाच्या दारात बसायचे हे त्यांना बरोबर ठाऊक होते. पुढच्या वर्षी तालिबानच्या इलाख्यात, मुसा कलाच्या दिशेने चालत गेले, तर तालिबानने त्यांना धरून ठेवले. ही परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांची, काबूलच्या इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळातली माणसे नव्हती. तालिबानचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या भागातले हे पश्तो बोलणारे लोक. ‘शांतता, हक्क वगैरे पाश्चात्त्यांची खुळे’ म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

त्यांचे ऐकले कुणी? २९ फेब्रुवारी २०२० रोजी कतारची राजधानी दोह्यात करार झाला, त्यावर सह्या अमेरिकेच्या झल्मय खलीलझाद यांच्या आणि तालिबानच्या मुल्ला बरादर यांच्या. अफगाण सरकारच त्यात नव्हते, तर नागरिक कुठून असणार! तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सोडायचे, हे मात्र त्या सरकारच्या वतीने परस्पर कबूल करून टाकलेले. चौदा महिन्यांत फौजा परत नेण्याची तारीखवार हमी त्यात आहे. स्त्रियांच्या हक्कांबद्दल एक वाक्य नाही. सप्टेंबरात सरकार आणि तालिबान समोरासमोर बसले, पण बोलणी कशी करायची याचे नियम ठरायलाच डिसेंबर उजाडला. सरकारी शिष्टमंडळातल्या एकवीस जणांत चार स्त्रिया होत्या. त्यांपैकी फौजिया कूफी यांच्यावर महिनाभर आधीच गोळीबार झाला होता. त्या हाताला प्लास्टर असतानाच दोह्याला गेल्या. तालिबानच्या बाजूला स्त्री एकही नव्हती.

सगळा दोष दोह्याच्या माथी मारणेही सोयीचे आहे, आणि माझा राग खरे तर त्याहून जुना आहे. डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या बॉनला अफगाणिस्तानसाठी जी व्यवस्था ठरली, तिथे हरलेल्या तालिबानला बोलावले नाही. ज्यांच्या हाताला नव्वदच्या दशकातले रक्त लागलेले होते, अशा टोळीप्रमुखांना मात्र मानाने बसवले. पुढे काबूलच्या संसदेने २००७ मध्ये या सगळ्यांना माफी देणारा कायदा केला. ज्याच्या रॉकेटांनी काबूलच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या त्या गुलबुद्दीन हेकमतयारशी २०१६ मध्ये करार झाला आणि तो वाजतगाजत राजधानीत परतला. ज्यांची घरे त्या रॉकेटांखाली गेली, त्यांना कुणी विचारले नाही. एकदा तालिबान बाहेर आणि सरदार आत, एकदा तालिबान आत आणि सरकार बाहेर. विधवा, हजारा हे शिया अल्पसंख्याक, निर्वासित आणि ज्यांची माणसे मारली गेली ती कुटुंबे दोन्ही वेळा बाहेरच. आज ‘सर्व गटांना सामावून घेणारे सरकार हवे’ असे जगातली प्रत्येक राजधानी म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यासमोर बहुधा हेच जुने चेहरे असतात. माजी राष्ट्राध्यक्ष करझाई, जुन्या सरकारातले अब्दुल्ला यांना दोन मंत्रिपदे मिळाली की झाले, असा काहीसा हिशेब. नागरिकांची मागणी ही नाही. पीडितांना न्याय, मुलींना शाळा आणि स्वतःच्या देशाबद्दल बोलण्याची सोय, इतकी ती साधी आहे.

काबूलच्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीचेच पाहा. मे २०२० मध्ये तिथल्या प्रसूतिगृहात घुसून बाळंतिणींना गोळ्या घातल्या. मे २०२१ मध्ये शाळा सुटताना स्फोट, मेल्या बहुतांश मुली. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तालिबानच्या राज्यात, प्रवेश परीक्षेच्या सरावाला बसलेल्या मुली मारल्या गेल्या. ‘युद्ध संपले’ असे या वस्तीला कोण सांगणार आहे?

जग काही शिकले म्हणावे तर तेही दिसत नाही. जून २०२४ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी दोह्यात अफगाणिस्तानविषयी तिसरी बैठक भरवली. तालिबानने यावे म्हणून अफगाण स्त्रियांना मुख्य बैठकीतून वगळले आणि ती संपल्यावर त्यांची वेगळी भेट घेतली. मुख्य टेबलावर विषय होते खासगी क्षेत्र, बँका आणि अमली पदार्थ. दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, तालिबानने नवा कायदा आणला. त्यात बाईचा आवाजसुद्धा सार्वजनिक ठिकाणी झाकून ठेवण्याची गोष्ट ठरली. सवलत दिल्याने तालिबान मवाळ होते, या समजुतीचे एवढे झटपट उत्तर क्वचितच मिळाले असेल.

पुण्यात अफगाण विद्यार्थी हे काही नवल नाही. कितीतरी वर्षे ते इथे शिकायला येत आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले, तेव्हा आपल्या सरकारने अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले आणि करोनाकाळात घरी गेलेले कित्येक विद्यार्थी तिकडेच अडकले. इथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिच्या धाकट्या बहिणीची शाळा सहावीला सुटली, सुटली म्हणजे तालिबानने सोडवली. थोरली तिच्यासाठी गणिताच्या पुस्तकाची पाने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, धाकटी वहीत सोडवून उलट फोटो पाठवते. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने देशभर इंटरनेट बंद केले, तेव्हा दोन दिवस तेही थांबले. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या गावात राहून यावर गप्प बसणे मला तरी जमत नाही.

तालिबानशी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. भूकंप झाला, दुष्काळ पडला तर औषधे आणि गहू पोहोचवायला कुणाशी तरी बोलावेच लागते. देशाचे सुरक्षेचे हिशेब असतात आणि ते खरे असतात. पण बोलणे वेगळे आणि ‘आता सगळे सुरळीत झाले’ असे दाखवणे वेगळे. १० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी यांच्या दिल्लीतल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावले नव्हते. ओरड झाली, आणि दोनच दिवसांनी दुसरी परिषद झाली, तिला महिला पत्रकार हजर होत्या. आमचा याच्याशी संबंध नाही, असे परराष्ट्र खाते म्हणाले. तेवढ्यावर भागले असते तर दुसरी परिषद झालीच नसती. दाबाने काम होते, हे आपल्याच राजधानीत दिसले.

तेव्हा काबूलमध्ये उघडलेल्या दूतावासाचा उपयोग केवळ मंत्र्यांच्या भेटीगाठींना होऊ नये. महिला राजनैतिक अधिकारी तिथे नेमाव्यात आणि तालिबानला त्यांच्याशी बोलायला लावावे. प्रवेश मिळालेल्या अफगाण मुलींचे व्हिसा महिनोन्‌महिने लटकत ठेवू नयेत. आणि यापुढे अफगाणिस्तानवरच्या ज्या बैठकीत भारत बसेल, तिथे अफगाण नागरिक, स्त्रिया, हजारा आणि पीडितांची कुटुंबे असणार का, हे भारताने आधी विचारावे. नसतील तर आपली नाराजी इतिवृत्तात नोंदवावी. दिल्लीतल्या आपल्या प्रतिनिधीने परराष्ट्र खात्याच्या साप्ताहिक वार्तालापात एवढा एक प्रश्न विचारावा आणि जे उत्तर मिळेल ते आपल्या दैनिकाने पहिल्या पानावर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे