लेमनेही परीक्षा दिली नव्हती

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आपटला तो मी, तू नव्हेस. त्यावर आईने मला जे सुनवायचं ते सुनवलं आहे, तेव्हा तू वेगळं काही बोलू नकोस. तू देणार नाही म्हणतेस त्या फायनल परीक्षेबद्दल आज एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. लिहायचं ते तू पाठवलेल्या पानांबद्दल, पोलिश विज्ञानकथाकार स्तानिस्लाव लेमच्या तू केलेल्या अनुवादाबद्दल.

आधी 'न'चं यंत्र, म्हणजे 'न'ने सुरू होणारं काहीही करून देणारं त्रुर्लचं यंत्र. यंत्राला 'नास्ति' बनवायला सांगितलंस, तिथे गोष्ट घसरते. मूळ पोलिश शब्द साधा, रोजचा आहे : 'निच'. त्यातला च चाकातला, चहातला नव्हे. त्रुर्लचा मित्र क्लापाउत्सियुश यंत्राला 'निच' करायला सांगतो. यंत्र ढिम्म उभं. हा म्हणतो, काहीच करत नाहीस की! आणि तोवर जगातल्या वस्तू एकेक करून नाहीशा होत असतात. म्हणजे शब्द असा हवा की त्यात 'काही न करणं' आणि 'नसणं घडवणं' दोन्ही बसेल. 'नास्ति' पोथीतला झाला, 'नाश' म्हटलं तर गंमत आधीच फुटते. सरळ 'नाही' घे. 'अरे, तू तर काही बनवत नाहीस!' 'नाहीच तर बनवतोय.' मराठीत हे आयतं मिळतं.

दुसरी अडचण पोलिशमध्येही आहे, पण मराठी वाचकाला चटकन दिसेल. यंत्र फक्त 'न'चं, तर मग 'नवे तारे' मागितले की झालं! शेवटी गेलेल्या वस्तू परत आणता येत नाहीत, या साऱ्यालाच त्याने भोक पडतं. उपाय नॅट्रियमच्या भांडणात घाल. चाचणीत नॅट्रियम मागितल्यावर यंत्र म्हणतं, ते सोडियम, 'स'चं, मी करत नाही. सगळ्या भाषांतले 'न' करायला लागलो तर मी सर्वच करणारं यंत्र होईन. तिथेच यंत्राच्या तोंडी एक वाक्य दे : विशेषण लावून फसवायचं नाही. एवढी मोकळीक घ्यायला हरकत नाही. मायकेल कँडेलने 1974च्या इंग्रजी अनुवादात याहून कितीतरी मोठ्या घेतल्या आहेत.

नाहीशा झालेल्या वस्तूंची नावं लेमने मनाने बनवली आहेत, त्यांचा अर्थ शोधत बसायचं नाही. ती अशी हवीत की कधीतरी होत्या असं वाटावं. तुझ्या 'नुकळ्या' वाचून मला क्षणभर वाटलं, खरंच, आपल्याकडे होत्या की! हे आईला वाचून दाखवलं. दोनदा.

(नोकरीही 'न'चीच. बरं, नाही बोलत.)

पण तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. 'लेमनेही फायनल दिली नव्हती.' खरं आहे, पण अर्धं. तो 1921 साली ल्वूफमध्ये (आता युक्रेनमधलं ल्विव) एका डॉक्टरच्या घरात जन्मला. युद्धात जर्मन कंपनीच्या गॅरेजमध्ये वेल्डर आणि मेकॅनिक म्हणून राबला. 1945मध्ये घरदार सोडून क्राकुफला आला आणि तिथे वैद्यकीचा अभ्यास पुरा केला. शेवटच्या परीक्षा टाळल्या, कारण पास होणाऱ्यांना सैन्यात डॉक्टर म्हणून नेत होते, आणि तिथून सुटका नव्हती. तुला कोण सैन्यात नेतंय? आणि परीक्षा टाळून तो मोकळा फिरला नाही. एका विज्ञान-अभ्यासमंडळात परदेशी पुस्तकं वाचून त्यांची परीक्षणं लिहायचं काम त्याने केलं. नॉर्बर्ट वीनरचं सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचं शास्त्र, त्याला तिथेच भेटलं. त्रुर्लच्या सगळ्या यंत्रांचं मूळ तिथे आहे. वेड्यांच्या इस्पितळावरची कादंबरी 1948मध्ये लिहून झाली होती, सेन्सॉरच्या तावडीतून सुटून छापली गेली 1955मध्ये. सात वर्षं! सात वर्षं लिहिलेली कादंबरी अडकून पडली असताना माणूस काय करतो, हा हिशेब तू केला आहेस का?

हे व्याख्यान झालं. माफ कर. खोडणार होतो, पण खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशील, लहानपणीसारखं.

लेमचा अंतराळप्रवासी यॉन तिखी, त्याच्या सातव्या सफरीचा मसुदा चांगला उतरला आहे. घेवड्याच्या दाण्याएवढी उल्का सुकाणू बिघडवते, दुरुस्तीला दोन माणसं लागतात. एकाने पान्याने बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने नट आवळायचा. यानात हा एकटा. मग काळाच्या भोवऱ्यांतून सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा तिखी जमा होतात आणि दुरुस्ती सोडून एकमेकांना हाणतात. इथे मराठी अडते. 'मी'ला 'ने' लागत नाही, त्यामुळे 'मंगळवारच्या मीने मला मारलं' हे एकदाच खपतं, दुसऱ्यांदा कंटाळा आणतं. 'मंगळवारवाला', 'बुधवारवाला' असं चालव. आणि आपापसात त्यांना अरेतुरेच करू दे. फक्त समिती नेमून अध्यक्ष निवडतात तेव्हा सगळे अचानक 'आपण'वर येतील, ते जास्त विनोदी होईल.

सातवीत तू कॅलेंडरच्या मागे याचा तक्ता काढला होतास. कोणता वार कोणाला मारतो, लाल बाण. एक बाण कुठेच पोचत नव्हता आणि तू दोन दिवस जेवताना तोच घेऊन बसायचीस. शेवटी म्हणालीस, बाबा, चूक माझी नाही, लेखकाची आहे. तो तक्ता अजून आजोबांच्या ट्रंकेत आहे, दादाच्या रिपोर्ट कार्डांखाली. शेवटी दुरुस्ती होते ती सगळी मोठी माणसं सभेत भांडत असताना. दोन लहान पोरं एकाच अंतराळपोशाखात घुसून बाहेर जातात आणि नट आवळून येतात. यावर तू जितकी हसली होतीस, तितकं... असो.

यंत्रकवीची कविता. मूळ पोलिशमध्ये मागणी आहे सहा ओळींची, प्रत्येक शब्द 'सी' या अक्षराने सुरू होणारी. कँडेलने विषयच बदलला, हजामतीवर आणला, आणि 'एस' हे अक्षर घेतलं. म्हणजे इथे शब्द नाही, कसरत अनुवादायची आहे. तू 'क' घेतलास, तो सोड. 'क'चे उतारे आपल्याकडे मोबाइलवर इतके फिरलेत की लोक चुकीच्या कारणाने हसतील. 'स' घेऊन बघ : 'सलूनात सखा सुस्तावला, सखीने संधी साधली, सुरी सरसावली.' माझं हे अर्ध्या तासाचं काम, आणि वृत्त नाहीच. लेमची गंमत ही की कविता खरोखर चांगली असते. वृत्तात बसव, नाहीतर यंत्र नुसतं चेष्टेचं वाटेल.

1971च्या 'भविष्यवेत्त्यांची परिषद' या कादंबरीला अजून हात लावू नकोस. त्यात 2039 साली रसायनांनी माणसांना सुबत्ता भासवली जाते, एका भासाखाली दुसरा भास निघत जातो. औषधांची नावं शेकड्यांनी बनवावी लागतात. तिथला प्राध्यापक शब्दाला प्रत्यय लावूनच भविष्य काढतो. आधी तोच व्यायाम कर : 'हात' घे. हातणे, हातीव, निर्हात, हातवान. प्रत्येकाचा अर्थ काय होईल ते लिही. असे पन्नास झाले की मग पुस्तक उघड.

आणि इंग्रजीवरून करणार असलीस तर कोणत्या इंग्रजीवरून, ते बघून घे. 'सोलारिस' 1961चं, पण 1970चं इंग्रजी फ्रेंचवरून झालं आहे. त्यात पात्रांची नावंही बदलली, हॅरेची रेया झाली आणि स्नाउटचा स्नो. थेट पोलिशवरचं बिल जॉन्स्टनचं भाषांतर 2011मध्ये आलं. 'अजिंक्य'चं पहिलं इंग्रजी जर्मनवरून आलं होतं. पोलिश शिकतेस हे आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस? मी नको म्हटलं असतं, म्हणून? म्हटलं असतं बहुधा. पण विभक्तींचे तक्ते मीच करून दिले असते, सात विभक्ती आहेत त्यांच्यात, संबोधन धरून.

अमेरिकी विज्ञानकथाकार फिलिप के. डिकने 1974मध्ये एफबीआयला कळवलं होतं की लेम हा एक माणूस नसून कम्युनिस्टांची समिती आहे. इतक्या निरनिराळ्या शैलींत एकटा कसा लिहील, म्हणून. आणि गंमत म्हणजे अमेरिकी विज्ञानकथाकारांत लेमला मनापासून आवडायचा तो डिकच. तुझी वीस पानं वाचताना मलाही वाटलं, रात्रीची ड्यूटी, वॉर्ड, पोलिश आणि हे, एकटी पोर कशी करते. झोपतेस ना?

पानं लाल शाईने खुणा करून सोबत पाठवतोय. जिथे दोन रेघा आहेत तिथे चूक नाही, आवडलं म्हणून आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत. त्यानंतरही सुपर लेट फी भरून घेतात, मी चौकशी केली आहे. हे फक्त माहितीसाठी.