परंपरेचा पाठ घेताना

प्रिय फ्रान्सिस,
स. न.

दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांच्या वर्गाला ‘पवित्र परंपरा’, म्हणजे प्रेषितांकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शिकवण, कशी शिकवायची, असं तू विचारलंस. पहिली अडचण भाषेचीच. इंग्रजीत ‘ट्रॅडिशन’ लिहिताना मोठा ‘टी’ आणि छोटा ‘टी’ अशी सोय आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द. म्हणून मुलं प्रेषितांची शिकवण आणि नाताळचा गोठा एकाच टोपलीत टाकतात. तू शब्दच वेगळे ठेव: एक ‘पवित्र परंपरा’, दुसऱ्या ‘रीतीभाती’.

व्याख्येपासून सुरुवात नको. हातात बायबल दे आणि विचार: यात कोणती पुस्तकं हवीत, हे कुठल्या अध्यायात लिहिलंय? पोरं अनुक्रमणिका दाखवतील, पण ती छापणाऱ्याची. ७३ पुस्तकांची यादी शास्त्राच्या मजकुरात नाहीच. ती परंपरेच्या आधाराने ख्रिस्तसभेने (चर्चने) ओळखली. लगेच १ करिंथ ११:२३ वाचून घे. प्रभुभोजनाविषयी पौल म्हणतो, मला मिळालं तेच तुमच्या स्वाधीन केलं. हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचं, शुभवर्तमानं बहुधा त्यानंतरची. म्हणजे ते लिहिलं जाण्याआधीपासून प्रभुभोजनाची भाकर मोडणं चालूच होतं.

मग चिठ्ठ्या वाट: बालकांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), राखेचा बुधवार, रोजरी, रविवारची मिस्सा, धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य. दोन ढीग करायला सांग. ब्रह्मचर्यावर हमखास चुकतात. ती लॅटिन (पाश्चात्त्य) ख्रिस्तसभेची शिस्त. रोमशी एकरूप असलेल्या युक्रेनियन ग्रीक कॅथलिकांत विवाहित धर्मगुरू आहेत. मात्र इथेच दुसरी चूक होते: रीतीभातींचा ढीग म्हणजे टाकाऊ, असं मुलांना वाटतं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद ८३ जवळ ठेव. मूळ परंपरा स्थळकाळानुसार याच रीतींतून दिसते. त्या ठेवायच्या, बदलायच्या की सोडायच्या, हे त्या परंपरेच्या प्रकाशात ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार ठरवतो.

‘अर्धं बायबलमध्ये, उरलेलं परंपरेत’ हे वाक्य फळ्यावर चुकूनही लिहू नकोस. प्रकटीकरणाचे, म्हणजे देवाने स्वतःला प्रकट करण्याचे, ‘दोन उगम’ सांगणारा मसुदा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत नोव्हेंबर १९६२ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच परिषदेच्या १८ नोव्हेंबर १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ या प्रकटीकरणावरील दस्तऐवजात झरा एकच आहे.

शेवटची दहा मिनिटं विश्वासांगीकारासाठी, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीसाठी, राख. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल स्नानसंस्काराच्या उमेदवारांना तो कागदावर उतरवू देत नसत, पाठ करून घेत. तूही झेरॉक्स वाटू नकोस. एकेक ओळ म्हण, त्यांच्याकडून म्हणून घे, आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाकडून परत ऐक. ‘पोंती पिलात’ या येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराच्या नावापाशी बहुतेक अडखळतील, तिथे थांबून त्याचं नाव का आलंय ते सांग.

तुझा,
जोसेफ