टाइमआऊट वाढवून फॅट बरोबर येणार नाही

मा. संपादक,

दूध डेअरीत फॅट चुकीचं लागतं अशी पत्रं आपल्या पेपरात येत असतात, कोणी मशीनला दोष देतं कोणी सचिवाला, पण मशीन आणि कॉम्प्युटरच्या मधे जो यूएसबी ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधली देवाणघेवाण सांभाळणारा प्रोग्रॅम असतो त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. मी ड्रायव्हर दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून आमच्या भागातल्या एका केंद्रावर काय सापडलं ते लिहितोय.

तिथे गायीच्या दुधाला मधेच ६.८ फॅट लागायचं आणि त्याच्या मागच्या म्हशीवाल्याला ३.६. मशीन चोख होतं. ड्रायव्हर मशीनला कमांड पाठवून एक सेकंद वाट बघायचा, तेवढ्यात उत्तर नाही आलं की टाइमआऊट, एरर. ऑपरेटर साहजिकच परत बटण दाबणार. तोवर पहिल्या कमांडचं उशिरा आलेलं उत्तर बफरमधे, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायच्या जागेत पडलेलं असतं, तेच वाचलं जातं, आणि दूध त्याच माणसाचं असल्यामुळे आकडा बरोबर दिसतो, कोणाला शंकाच येत नाही. पण दुसऱ्या कमांडचं उत्तर मागे उरलं ना, ते पुढच्या माणसाच्या नावावर पडतं आणि मग मशीन बंद करून चालू करेपर्यंत रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या आधीच्याचं फॅट! फॅटवर दर ठरतो, हे नुकसान शेतकऱ्याच्या खिशातून जातं.

यावर कंपनीच्या माणसाने काय केलं तर टाइमआऊट एक सेकंदाचा तीस केला. याने चूक कमी वेळा होते एवढंच, आणि कमी वेळा होणारी चूक सापडायला जास्त अवघड. केबल ढिली झाली की आख्खी रांग तीस सेकंद खोळंबणार ते वेगळंच. काही जण तर सरळ शून्य टाकतात, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या कर्नलमधे, म्हणजे तिच्या गाभ्यात, शून्य म्हणजे कायम वाट बघत बसणं, त्याच्या आत असा अडकलेला प्रोग्रॅम किल करूनही मरायचा नाही, केबलच काढावी लागायची.

खरा उपाय टाइमआऊट झाल्यानंतर काय करायचं त्यात आहे. अडकलेली रिक्वेस्ट कॅन्सल करा आणि ती खरंच कॅन्सल झाली याची खात्री होईपर्यंत तिचा बफर दुसऱ्या कामाला मोकळा करू नका. अर्धवट आलेले बाइट किती ते बघा. कॅन्सल आपल्या बाजूने होतं, मशीनला त्याचा पत्ता नसतो, म्हणून त्याच्याकडे उरलेलं जुनं उत्तर वाचून फेकून द्या, मगच परत कमांड पाठवा. आणि प्रत्येक कमांडला नंबर द्या, उत्तरातला नंबर जुळला नाही तर ते घेऊच नका.

ही अडचण फक्त छोट्या कंपन्यांची आहे असंही नाही. लिनक्स कर्नलमधे यूएसबी टाइमआऊट मिलिसेकंदात द्यायचा असतो, पण टीव्ही ट्यूनर, रिमोटचे रिसिव्हर वगैरेंच्या ड्रायव्हरमधे एक सेकंद म्हणून एचझेड हा आकडा दिलेला होता, म्हणजे कर्नलच्या टायमरचे सेकंदाला ठोके. तो १००० असेल तर ठीक, २५० असेल तर पाव सेकंद, १०० असेल तर सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे तोच ड्रायव्हर एका कॉम्प्युटरवर चालणार आणि दुसऱ्यावर एरर ११०, म्हणजे टाइमआऊट, देणार. २०२१ च्या ऑक्टोबरमधे हे एकेका ड्रायव्हरमधे शोधून दुरुस्त केलं गेलं. कोड सगळ्यांसमोर होता म्हणून ते सापडलं. आमच्या केंद्रावरच्या ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कंपनीने दिलाच नव्हता, लाइनवरचा डेटा बघून मला अंदाज बांधावा लागला.

म्हणून दूध संघांना कळकळीची विनंती आहे, मशीन घेताना ड्रायव्हरचा सोर्स मागा, आणि पैसे देण्याआधी एक टेस्ट घ्या. टाइमआऊट होईल इतका उशीर मुद्दाम लावायला कंपनीला सांगा, परत बटण दाबा, मग गायीचं आणि म्हशीचं सँपल एकामागून एक लावा. म्हशीच्या सँपलला गायीचा आकडा आला तर मशीन परत पाठवा.

– एक वाचक, कोल्हापूर